टाका न दिसणारं ऑपरेशन

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो; पण चंद्र-तारे बघायला माझ्याकडे येऊ नका. पुरुषांचं वय झालं की प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढते, वाट दाबते आणि लघवी तुंबते. मी त्याच वाटेने आत जाते, उजेड पाडते आणि माझ्या टोकाची तापलेली तार ती वाढ आतून खरवडते. पोटाला सुरीही लागत नाही.

जन्म माझा परदेशातला, नोकरी धुळ्याची. १९८६ साली देवपूरच्या रुपचंद डॉक्टरांनी मला आणलं. अंगावर ओरखडाही राहत नाही, असं माझं कौतुक व्हायचं आणि मीही चांगलीच फुशारले होते.

मग साक्रीकडचे सुकदेव नाना आले. कित्येक महिने नळी आणि लघवीची पिशवी बाळगून ते पार कानकोंडे झाले होते. वास येईल म्हणून खाट गोठ्यात टाकलेली, ओट्यावर चार माणसांत बसणं बंद. मी माझं काम केलं, नळी निघाली, आणि आराम करा, जड उचलू नका, हे डॉक्टरांचं बजावणं ऐकून नाना हसत घरी गेले.

पण गावाने टाके बघायला मागितले. टाका एकही नाही! मग ऑपरेशन कसलं, डॉक्टरने गंडवलं, असंच सगळे म्हणू लागले. नानांनाही ते पटलं. "टाकाच नही, मंग आराम कसाना?" म्हणत त्यांनी शेंगांचं पोतं पाठीवर घेतलं. आतून रक्त सुटलं, गुठळ्यांनी वाट बुजली, आणि नाना कळवळत परत आले. ज्या गोष्टीचा मला गर्व होता, तीच त्यांना भोवली. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी माझ्यातून गुठळ्या धुऊन काढल्या. मग नानांच्या बायकोला, भिकुबाईंना, तोंडाला फडकं बांधून आत बोलावलं आणि माझ्या काचेला डोळा लावायला सांगितलं. आत लालबुंद, सोललेली जखम होती. भिकुबाईंनी ती नीट बघून घेतली.

पुढे तपासणीला आल्यावर नानांनीच सांगितलं. घरी पोचताच भिकुबाईंनी गोठ्यातली खाट ओट्यावर आणली, त्यांना झोपवलं, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि जमलेल्या माणसांना स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जखम शे. मन्या डोयाघाई दखी मी. आते त्यास्ले उठाडू नका."

आता मी कपाटात पडून असते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजोबा असे गोठ्यात जाऊन झोपत असतील, तर त्यांची जखम बघायला मागू नका. खाट तेवढी ओट्यावर आणा.