ठमीच्या घरावर चाललेला जेसीबी

मी एक जुना जेसीबी आहे. माझ्या बादलीचे दोन दात तुटले आहेत. मित्रांनो, ते कसे तुटले हे सांगताना जड जाते, तरी सांगतो.

नवा होतो तेव्हा जिते गावाजवळचा खाडीचा फुटका बांध मी एका दिवसात बुजवला. बायकांनी मला हळदकुंकू वाहिले. पुढे मालकाने मला नगरपालिकेच्या अतिक्रमण पथकाला भाड्याने दिले.

एका सकाळी आम्ही नदीकाठच्या कातकरवाडीत शिरलो. ठमी नावाची बाई आपल्या झोपडीचे दार अडवून उभी राहिली. "नोटीस दावा आधी! माझा बाप आजारी हाय, आत निजलाय!"

"नाटकं आहेत हिची. चालव रे!" पथकप्रमुख हैबतराव गरजला.

पथकातल्या माणसांनी ठमीला केस धरून फरफटत नेले. वाडीने दगड उचलले. एक दगड काच फोडून आला आणि माझ्या चालकाचे, विलासचे, कपाळ फुटले. रक्त डोळ्यांवर ओघळले, तरी त्याने दांडा ओढला. माझी बादली कुडाच्या भिंतीत घुसली. छपराचे आढे कडाडून खाली आले. आतून एकच किंकाळी आली.

ठमीने नखे तुटेपर्यंत ढिगारा उपसला. तिचा म्हातारा बाप दामू सापडला, पण त्याची छाती चेपली होती. श्वास उरला नव्हता. मग शेजारच्या जगनने घण घेतला आणि माझ्यावर घाव घातले. तेव्हाच ते दात तुटले.

ठमीने नगरपालिकेवर दावा लावला. कोर्टात विलासने खरी साक्ष दिली. "ती आत माणूस हाय म्हणत होती. मी ऐकलं होतं, साहेब." तरीही जागा नगरपालिकेची म्हणून दावा फेटाळला गेला. ठमीने अपील केले. मी पुरावा म्हणून जप्त होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलो.

चार वर्षांनी वरच्या कोर्टाने विलासचीच साक्ष उचलून धरली. जागा कोणाचीही असो, नोटिशीवाचून, आत माणूस असताना घर पाडणे बेकायदा. नगरपालिकेने तिथेच घर बांधून द्यावे, असा निकाल लागला.

जप्तीतून सोडवून, डागडुजी करून, पाया खणायला नेमके मलाच धाडले, चालकही विलासच. ठमी पुढे आली. "ह्याला मागं न्या. आमी कुदळीनं खणू."

विलास खाली उतरला. "ठमीबाय, एक कुदळ मला पण दे."

तिने दिली नाही. तो उन्हात उभा राहिला आणि मीही.

मित्रांनो, लोखंडाला आपणहून थांबता येत नाही. तुम्हाला येते. उद्या तुमच्यातले कोणी माझ्यासारखे यंत्र चालवतील, कोणी हुकमावर सही करतील. तेव्हा एवढे करा. आधी खाली उतरा आणि दार वाजवा.