भावजींसाठी पुस्तक

माझ्या ताईने पुस्तकमंडळ काढलं ते काही वाचनाच्या वेडापायी नाही. लग्नानंतर तिने मन लावून वाचलेला मजकूर म्हणजे वॉशिंग मशीनबरोबर आलेली माहितीपुस्तिका, आणि तिच्याशीही तिचं पटलं नव्हतं. मंडळ काढलं ते भावजींना बोलतं करायला. हे मला ठाऊक होतं, कारण त्यापायी ती माझ्यापाशी रडली होती. ताई सहसा रडत नाही. ते खातं तिने इतरांकडे सोपवलेलं आहे.

भावजी लिफ्ट दुरुस्त करणारे. उमेदीची सगळी वर्षं गेली ती इमारतींच्या पोटातल्या उभ्या, काळोख्या बोगद्यांत. त्या कामाची एक रीत असते. एक माणूस वर यंत्राच्या खोलीत, दुसरा खाली लिफ्टच्या टपावर, आणि मध्ये नुसती पोकळी. त्या पोकळीत वाक्य बोलायचं नाही. वाक्य घुमतं, अर्धंच पोचतं, आणि अर्ध्या वाक्यावर कोणी लिफ्ट हलवली तर खालच्याचा हात जातो. म्हणून एका वेळी एकच शब्द. 'थांब.' 'वर.' 'झालं.' भावजींनी ही शिस्त घरी आणली आणि परत न्यायची विसरले. भाची झाली तेव्हा त्यांनी मला दवाखान्यातून फोन केला, "मुलगी," म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

नोकरी होती तोवर ताईचं भागत होतं. सकाळी एक 'येतो', संध्याकाळी एक 'हं', जेवण आवडलं तर 'वा'. निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची खिडकीपाशी गेली आणि हा पुरवठाही आटत चालला.

मी गोदामात मालाचा हिशेब ठेवतो. आवक घटली की मी एकच प्रश्न विचारतो: माल संपलाय की कुठे अडलाय? तोच ताईला विचारला.

"संपला असेल तर?" ती म्हणाली. "मी दिवसभर कुकरशी बोलते रे. तो निदान शिट्टी तरी देतो. हे असेच आतल्या आत निघून जातील आणि मला पत्ताही लागायचा नाही." आणि मग रडली.

पुस्तकमंडळाची कल्पना मुळात दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बेकरीत पाव घेताना त्या बेकरीवाल्याला सांगत होत्या, आपण चार जणांनी मिळून महिन्याला एक पुस्तक वाचावं, मग बसून बोलावं. 'बसून बोलावं' एवढंच ताईच्या कानांनी उचललं.

"आमच्याकडे," तिने मागून जाहीर केलं. "चहा माझा."

त्यानंतर तिने जे केलं ते फक्त ताईच करू जाणे. ती एकेकाला एकटं गाठून आली. डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात, औषधवाल्यांना दुकानात, बेकरीवाल्याला भट्टीशी, मला घरी. प्रत्येकाला तेच सांगितलं: "बाकीच्यांना बोलू नका हं, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून सांगते. पुस्तक असं निवडा की आमच्या ह्यांचं तोंड उघडेल." प्रत्येकाला वाटलं, ही नाजूक कामगिरी आपल्या एकट्याकडे आली आहे. आणि प्रत्येकाने ती इमानेइतबारे पार पाडली.

निवडीच्या संध्याकाळी सगळे जमले. नियम डॉक्टरीणबाईंनी घातला होता: प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं, ते का आणलं ते सांगायचं, मग हात वर करून ठरवायचं. भावजी खिडकीपाशीच होते. ताईने फक्त खुर्ची त्यांच्यासकट आमच्याकडे वळवली.

औषधवाल्यांनी सुरुवात केली. ते काहीही हातात देताना जेवणाआधी की नंतर हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत. "साठीनंतर मन प्रसन्न कसं ठेवावं," ते म्हणाले. "रोज दोन पानं. रिकाम्या पोटी नको."

डॉक्टरीणबाईंनी कादंबरी आणली होती. एक निवृत्त म्हातारा असतो, एकटा. मग त्याच्या दारात एक मांजर येतं. "फार हळवं आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?" समोरच्याच्या तोंडात बिस्किट असतानाच प्रश्न विचारायचा, ही त्यांची धंद्यातली सवय.

मी मान हलवली आणि माझं पुस्तक पुढे केलं. निवृत्त खलाशी, समुद्रकाठी एकटाच राहणारा. मी ते जाडी बघून घेतलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

बेकरीवाल्याने जांभई देत एक रंगीत पुस्तक काढलं. पहाटेपूर्वी उठणारा माणूस, संध्याकाळी त्याच्याकडून फार अपेक्षा नसते. "लिफ्टचा शोध कसा लागला," तो म्हणाला. "चित्रं पण आहेत, दादा."

ताईने स्वतःचं शेवटी ठेवलं. एक वयस्क जोडपं, नवरा अबोल.

भावजींनी गठ्ठा मांडीवर घेतला. एकेक पुस्तक उलटं केलं, मागचा मजकूर वाचला आणि बाजूला ठेवलं.

"निवृत्त," ते म्हणाले.

दुसरं उचललं. "निवृत्त. मांजर."

तिसरं. "निवृत्त. खलाशी."

रंगीत पुस्तकावर बोट ठेवून, "वय आठ ते बारा."

ताईचं पुस्तक त्यांनी बराच वेळ हातात धरलं. आम्ही सगळे चहाच्या कपांत असे बघत होतो, की जणू तळाशी काही लिहिलंय.

"कोणी सांगितलं?" भावजींनी विचारलं.

"वहिनी म्हणाल्या होत्या," बेकरीवाला झोपेतच बोलून गेला, "की तुमचं तोंड..." आणि मग खडबडून जागा झाला.

"तुम्हालाही?" औषधवाले म्हणाले. "मला तर म्हणाल्या, फक्त तुम्हालाच."

"मलासुद्धा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईचा चेहरा उतरला. इतका, की मला तिच्याकडे बघवेना. हात पदरात गुंडाळून ती नुसती बसून राहिली. बोलतं करायला गेलो आणि होतं नव्हतं तेही दार आपल्याच हाताने लावलं, हे तिच्या तोंडावर वाचता येत होतं.

भावजींनी पुस्तकं टेबलावर नीट रचली, कडा जुळवल्या.

"मला विचारलं कोणी?" ते म्हणाले.

खरंच, विचारलं नव्हतं. पाच माणसांनी त्या एका माणसासाठी एवढी डोकी खाजवली, पण हा सरळ रस्ता कोणाला दिसला नव्हता. मलाही नाही, आणि मी तर दिवसभर माल कुठे अडलाय हेच शोधतो.

"मग सांगा ना," ताई हळूच म्हणाली. "काय वाचायचंय तुम्हाला?"

"खून."

"काय?"

"खून," भावजी म्हणाले. मग थोडा विचार करून, "शक्यतो दोन."

खोलीतली हवाच पालटली. डॉक्टरीणबाई लाजल्या. त्यांच्याकडे दातांच्या जाड ग्रंथांमागे खुनांची अख्खी रांग उभी होती म्हणे, रोग्यांना दिसू नये म्हणून मागे. औषधवाल्यांनी कबूल केलं की ते खुनाच्या गोष्टी विषांसाठी वाचतात, आणि लेखक मात्रा हमखास चुकवतात म्हणून चिडतात. बेकरीवाला म्हणाला, "मला एवढंच, प्रकरणं छोटी हवीत." सगळे कसे सुटल्यासारखे बोलत होते! प्रत्येकाने दुसऱ्यासाठी जे आणलं होतं ते स्वतःला कोणालाच वाचायचं नव्हतं.

हात वर झाले आणि डॉक्टरीणबाईंच्या रांगेतलं, त्यांनीही अजून न वाचलेलं एक पुस्तक ठरलं. डोंगरातलं हॉटेल, वादळात अडकलेले पाहुणे, पहिल्याच रात्री एक जण जातो. अट एकच: शेवटचं प्रकरण कोणी वाचायचं नाही, ते सगळ्यांनी मिळून वाचायचं. प्रती विकत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाच्या प्रतीत त्या पानांना स्वतः चिमटा लावून दिला. दात काढणाऱ्या बाईचा चिमटा, कोणाची सोडवायची छाती झाली नाही.

मधल्या दिवसांत ताईचे फोन येत होते. घरात प्रत एकच, भावजी पुढे आणि ती मागे.

"वाचता वाचता हसतात रे," ती सांगायची. "काय झालं म्हटलं, तर 'वाच' म्हणतात. काल म्हणाले, 'माळी'. अरे माळी काय? पुढे? तर परत पुस्तकात डोकं!" कुरकुरत होती, पण आवाजात दम आला होता. मी ते जमेला धरलं. अजून फार नव्हतं, पण आवक सुरू झाली होती.

महिन्याने पुन्हा बसलो. कोणाचा कोणावर संशय, हे आधी सांगायचं होतं. औषधवाल्यांचा हॉटेलातल्या डॉक्टरवर, धंद्यातला जुना राग. ताईचा मालकाच्या बायकोवर. "नवऱ्याकडे बघून एवढं हसते. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कोण हसतं?"

"नवरा," भावजी म्हणाले.

"का पण?" ताई उसळली. "किती करतो तो तिचं! सारखा विचारतो, चहा हवा का, गार वाटतंय का..."

"विचारतो," भावजी म्हणाले, "पण उत्तर ऐकायला एकदा तरी थांबतो का? तिने काय सांगितलं ते पुस्तकात कुठेच नाही. शोधून दाखव. ज्याला उत्तर नकोच असतं तो कशाला विचारतो? दुसऱ्यांना ऐकू जावं म्हणून. त्याच्या मनात काहीतरी शिजतंय."

त्यांच्या तोंडून एका दमात निघालेला एवढा मजकूर मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो. डॉक्टरीणबाई टाळी वाजवणार होत्या. मी डोळ्यांनी दाबलं.

ताई मात्र आता थांबणारी नव्हती. "आणि जो विचारतच नाही?" ती म्हणाली. "तो कोण? साधू?"

हा प्रश्न हॉटेलातल्या कोणासाठी नव्हता, हे बेकरीवाल्यालाही कळलं.

भावजींनी हातातलं पुस्तक मिटलं. "तो मठ्ठ," ते म्हणाले.

ताईने तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय होतं ते मी नीट तपासलं नाही.

मग चिमटे सुटले आणि औषधवाल्यांनी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. खुनी निघाली कपडे धुणारी बाई, जिच्याकडे आम्ही कोणीच बघितलं नव्हतं. सगळे चुकले. सर्वांत जास्त चिडले भावजी. "ही फसवणूक आहे! तिला आधी एक पानभर तरी बोलू द्यायला हवं होतं!" पुढची सगळी संध्याकाळ ते लेखकाशी भांडत होते.

निघताना डॉक्टरीणबाईंनी पुढचं पुस्तक कोण सुचवणार ते विचारलं. मी जाडी मोजायला सरसावलोच होतो.

"थांबा," भावजी म्हणाले आणि ताईकडे वळले. "तुला काय वाचायला आवडेल?"

"मला?" ताई गोंधळली. "मला काय, काहीही चालेल."

"काहीही चालणार नाही. नीट सांग."

आणि ते थांबले. आयुष्यभर सगळ्यांना बोलायला लावणारी माझी बहीण कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली. भावजींनी घाई केली नाही.

"एक बाई," ती शेवटी म्हणाली. "एकटीच कुठेतरी निघते. बोटीने, नाहीतर चालत. कोणाला काय हवं नको ते बघायचं नाही. आणि लवकर परत यायचं नाही."

"एकटीच?" भावजींनी विचारलं.

"एकटीच. तुम्ही हवं तर शेवटच्या प्रकरणात या."

"शेवटच्या? मग मी तोवर काय करू?"

"तोवर भांडी घासा."

"मधल्या कुठल्या प्रकरणात नाही का जमणार?"

"मधल्या प्रकरणात तुमचं काय काम?"

आम्ही चपला घालून बाहेर पडलो तेव्हा सौदा सातव्या प्रकरणाशी आला होता, आणि ताई त्याच्या खाली उतरायला तयार नव्हती.