नको वाटेल तेव्हा हात वर

माझी बायको शालन पुण्याजवळच्या मांजरी गावात आमच्या मुलीकडे, आम्रपालीकडे, आठ दिवसांसाठी म्हणून गेली, त्याला आता आठ महिने झाले. मोठं भांडण असं झालंच नव्हतं. तिच्या हातून स्टीलचं झाकण ओट्यावरून फरशीवर पडलं आणि मी दोन्ही कान दाबून ओरडलो, की तू या घरात असेपर्यंत मला शांतता नाही. रागात माणसाच्या तोंडाला धरबंध राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि निघाली.

कानांचं दुखणं जुनं. नगर रोडवरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेसशेजारी उभा होतो. रिटायर झालो तेव्हा मशीन तिथंच राहिलं, आवाज तेवढा माझ्याबरोबर येरवड्याला आला. कानात अखंड रातकिडे. वर बाहेरचा आवाजही सोसेनासा झाला. कुकरची शिट्टी झाली की कानात कोणी दाभण खुपसल्यासारखं व्हायचं. शालनने तीन वर्षं माझ्या कानांच्या मर्जीने घर चालवलं. खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली, हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या, सकाळची वंदना ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली. भाजी निवडताना ती गाणी म्हणायची. ती गाणी कधी बंद झाली, ते मला आठवतही नाही. याची मला लाज वाटते.

ती गेल्यावर मागितलेली शांतता पदरात पडली आणि तिनेच माझा जीव नकोसा केला. घर जितकं गप्प, तितके रातकिडे जोरात. पातेल्याच्या काठावर चमचा आपटायची शालनची सवय, बहिणीशी फोनवर बोलताना तिचं ते वरच्या पट्टीतलं हसणं, सगळं मला परत हवं होतं. ये म्हणून मी दहा वेळा फोन केला असेल. शेवटी ती म्हणाली, माझा वावर तुम्हाला सोसेल असं डॉक्टरांकडून लिहून आणा, मग बघते.

म्हणून मंडईच्या मागच्या गल्लीतल्या कानाच्या दवाखान्यात गेलो. तपासणारी कादंबरी नावाची मुलगी होती, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. मी उत्साहाने माझी सगळी कहाणी सांगायला लागलो, तर तिने विचारलं, यातलं कानाचं किती आहे? मग काचेच्या छोट्या खोलीत बसवून तिने हेडफोन चढवले. आवाज हळूहळू वाढत जाईल, म्हणाली. मोठा वाटला म्हणून हात वर करायचा नाही. आता पुढे ऐकायला नको, असं वाटेल तेव्हा करायचा.

आता आमच्या कारखान्याची एक विद्या सांगतो. दरवर्षी गेटवर कान तपासायची गाडी यायची. जो नापास होईल त्याला प्रेस शॉपमधून काढून गोडाऊनला बसवायचे, आणि गोडाऊनला बसणं म्हणजे मेल्यासारखंच. त्यामुळे सगळे तरबेज. काचेतून डॉक्टरचा हात बघायचा, तो बटणाकडे गेला की ऐकू आलं म्हणून बोट वर करायचं. एकतीस वर्षं मी असाच पास झालो. इथं तर त्याहून सोपं होतं, हात वर करायचाच नव्हता. जितकं सोसेन तितका चांगला कागद मिळेल आणि शालन घरी येईल.

आवाज चढत गेला. मी समोरच्या कॅलेंडरवर नजर लावून बसलो. दाढा आवळल्या, बुटातली बोटं आवळली. शालनचं नाव घेत सोसत राहिलो. आवाज एकदम थांबला आणि कादंबरी दार उघडून आत आली.

"काका, नव्वद डेसिबलपर्यंत तुम्ही हात वर केला नाही. चांगल्या कानाच्या माणसाचा आकडा आला हा. फक्त तुमच्या डोळ्यांतून पाणी का येतंय, तेवढं सांगा."

तिने खुर्ची ओढून घेतली. म्हणाली, ही परीक्षा नाही. जिथं नको वाटतं, तिथून खाली उतरून उपचार सुरू करायचे असतात. हा खोटा आकडा धरला तर मी तुम्हाला सोसवणार नाही असा आवाज लावीन आणि कान आणखी बिघडतील. मग मी तिला शालनचं आणि कागदाचं खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, चला, पुन्हा करू.

या वेळी हात वर करताना मला सगळ्यांसमोर कपडे उतरवल्यासारखं वाटलं. उजवा अडुसष्ट, डावा चौसष्ट. मी विचारलं, बाईमाणसाचं घरातलं साधं बोलणं किती असतं? साठच्या आसपास, ती म्हणाली. रोज थोडा थोडा मंद आवाज ऐकायचा, घर मुकं ठेवायचं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. तिने कागदावर खरे आकडे लिहिले आणि सही केली.

घरी येऊन शालनला फोन लावला. आधी नव्वदची लबाडी सांगितली, मग अडुसष्ट आणि चौसष्ट. तुझं बोलणं साठ आहे, बसतंय, असंही म्हणालो. मला वाटलं ती हसेल.

"म्हणजे तुमच्या आकड्यात बसून मी जगायचं?" शालन म्हणाली. "इथं आले त्या दिवशी मी आम्रपालीच्या स्वयंपाकघरात ताट मुद्दाम पाडलं. कोणी ओरडलं नाही. तिथंच बसून रडले मी. तीन वर्षं स्वतःच्या घरात चोरासारखी चालले, तुम्हाला एकदा तरी दिसलं का?"

आवाज चढत गेला. पाडलेल्या झाकणापासून लग्नातल्या गोष्टींपर्यंत तिने काही शिल्लक ठेवलं नाही. कानात दाभण शिरत होतं आणि मला मात्र बरं वाटत होतं. जिला संबंधच ठेवायचा नाही ती इतकं भांडत नाही, एवढं चाळीस वर्षांत मला कळलं आहे. तरी या वेळी मी दाढा आवळल्या नाहीत.

"शालन, दुखतंय," मी म्हणालो.

ती एकदम थांबली. कानात नुसते रातकिडे उरले. मग तिने विचारलं, "ठेवू का फोन?"

"नको. थोडं हळू बोल. पण बोल."

मग तिने घसा खाकरला आणि जिथं थांबली होती तिथूनच, हळू आवाजात, पुढे भांडायला लागली.