धानाच्या ढोलीत लपवलेला विळा

मी एक जुना विळा आहे, मित्रांनो. तिरोड्याच्या लोहाराने मला भंगार ट्रकच्या पाट्यातून घडवलं. माझी धार अशी, की मला लांबून येताना पाहूनच धान आडवं पडायचं. खोटं वाटत असेल तर धानाला विचारा.

माझा धनी मुर्री गावाजवळचा ओमेश. त्याच्या डोक्यात माणसं बोलायची, आणि बहुतेक त्यालाच शिव्या द्यायची. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि रोजच्या गोळ्या दिल्या. दोन कामं एकदम सांगितली की तो वाटेतच थिजायचा. त्याची माय जमुनाबाई एकच सांगे, "धान काप, बाबू." मग तो शेताची अख्खी बांधी कापून काढायचा. मी हातात असलो की डोक्यातली माणसं जरा दमाने बोलायची.

पुढे तो गोळ्या विसरू लागला. हे विसरणंही दुखण्यातलंच.

"जेवाचं नाही विसरत, गोळ्याच बऱ्या विसरते," थोरला भाऊ जागेश्वर म्हणाला.

शेजारचा मनिराम म्हणाला, "पागल होय तो. एखाद्याचा गळा कापला तं?"

ओमेशने कधी कोणावर हात उगारला नव्हता. तरी जागेश्वरने मला धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत, अगदी तळाशी पुरलं आणि ओमेशला गुरांच्या कोठ्यात एकटं कोंडलं. येणारेजाणारे फटीतून विचारत, "काय गा ओमेश, आज डोक्यात कोण पाहुणा आला?"

एके सकाळी तो आतून म्हणाला, "दादा, मले जगाचं नाही गा."

"मंग मले कायले सांगून राहिला? चूप बस."

असं बोलला तर एकटा सोडू नका, लगेच आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जमुनाबाईने आठवण करून दिली. जागेश्वर म्हणाला, "धान चुरून झालं का नेऊ."

धानाची मळणी व्हायच्या आधीच ओमेशने कोठ्यात जीव दिला. कसा, ते सांगण्यात मला गोडी नाही.

मयतीला मनिराम म्हणाला, "बरं झालं बापा, इळा लपवला. आपण वाचलो." लोकांनी माना डोलावल्या.

"तुमाले त्यानं कवा काय केलं होतं?" जमुनाबाईने विचारलं. सगळे चहा पीत राहिले.

मित्रांनो, तुमच्याजवळचं कोणी जगायचं नाही असं बोललं, तर आमच्यासारखी हत्यारं खुशाल लपवा. पण त्या माणसाला एकटं कोंडू नका. त्याच्याजवळ बसा, मोठ्यांना हाक मारा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. धान चार दिवस पडून राहिलं तरी चालतं.