साबणाचं पाणी

"टिकटिक करते, पण पेटत काही नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात असली पोरं असायची. हजेरीला मोठ्याने ‘हजर’, आणि पुढे दिवसभर नुसती बसून."

नाकवाले काका हसले आणि ओट्याशी वाकले. शेगडीचा डावा बर्नर नीट पेटत होता, उजवा नाही. बटण दाबलं की ठिणगी मात्र चांगली पडत होती. त्यांनी काडी ओढून बर्नरजवळ धरली. काडी बोटापर्यंत जळत आली तरी ज्योत धरेना.

"ठिणगीचा दोष नाही, बाई. गॅसच वर येत नाहीये."

"म्हणजे पोरगं हुशार आहे, घरून डबाच येत नाही," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईंना दुरुस्ती चाललेली बघायला आवडायचं. काकांची लेक त्यांच्याच हाताखाली शिकली होती, त्यामुळे दर वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्या शेगडीकडे बघणं हे काका आपलं घरचंच काम समजत.

बत्तीस वर्षं काका शेगड्या दुरुस्त करत होते. त्यांचं खरं नाव दुकानातल्या वहीत असेल तेवढंच. एरवी सगळे म्हणायचे नाकवाले. गॅस कुठून झिरपतोय हे बाकीचे मेकॅनिक साबणाच्या पाण्याचा फेस सांध्यावर लावून बघायचे. बुडबुडा आला की गळती. काका नुसते वाकायचे, डोळे मिटून श्वास ओढायचे आणि बोट ठेवायचे, "इथे." ब्रश घेऊन फिरणाऱ्यांना ते विचारायचे, "शेगडी करायला आलास की दाढी करायला?" दुकानात हशा पिकायचा. त्या हशावर काकांनी निम्मं आयुष्य मजेत काढलं होतं.

त्यांनी रेग्युलेटर बंद केला, बर्नर उचलला आणि जेटच्या भोकात सुई घातली. थोडी काजळी निघाली. तरी ज्योत मेणबत्तीएवढीच. मग त्यांनी बटणामागचा, गॅस सोडणारा-अडवणारा कॉक खोलला. आतलं ग्रीस वाळून त्याचा डिंक झाला होता. ते खरवडलं, नवीन लावलं, कॉक बसवला, स्क्रू आवळायला घेतले. तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. एका हाताने फोन कानाला धरून काकांनी दुसऱ्या हाताने रेग्युलेटर उघडला. बटण फिरवलं आणि निळी ज्योत गोल उभी राहिली.

"आला डबा," बाई टाळी वाजवून म्हणाल्या.

ज्योत बंद करून काका सवयीप्रमाणे वाकले. डोळे मिटले. तीनदा श्वास ओढला.

"ठणठणीत."

"तुम्ही म्हणालात ना, मग झालं. मला तर मेला कसला वासच कळत नाही कित्येक वर्षांत." बाईंनी खिडकी लावून घेतली. कबुतरं आत येतात म्हणून त्या ती बंदच ठेवत. "चहा घ्या आणि जा. मग मी जेवून जरा पडेन."

चहा गरम होता आणि गोड होता. बाकी काही नव्हता. दोन महिन्यांपूर्वी काका तापाने आजारी पडले होते, तेव्हापासून प्रत्येक चहा असाच लागायचा. बायको विचारायची, "अजून नाक चोंदलंय?" ते म्हणायचे, "सर्दी आहे, जाईल." खरं तर सर्दी जाऊन महिना झाला होता. काकांना ते ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे पाठ करून बसायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

दुसरं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. तिथे ज्योत पिवळी येत होती आणि भांडी काळी होत होती. घरात एक तरुण आई आणि तिच्या कडेवर रडवेलं बाळ. ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली, काका एक बर्नर चालू ठेवून दुसऱ्याची हवेची पट्टी फिरवू लागले. पिवळी ज्योत निळी व्हायला लागली होती, तेवढ्यात ती धावत आली.

"अहो काका! काय जळतंय?"

"कुठे काय?"

"अहो, तुमच्या कोपराशी!"

काकांनी वळून बघितलं. त्यांचं हात पुसायचं फडकं पेटत्या बर्नरवर टेकलं होतं. निम्मं काळं झालं होतं आणि त्यातून धूर वर चढत होता. त्यांनी ते मोरीत फेकलं, नळ सोडला.

"पार आतल्या खोलीपर्यंत वास आला," ती म्हणाली. "तुम्ही तर इथे उभे होतात!"

काका शेगडीकडे वळले. त्यांनी दोन्ही बर्नर बंद केले. मग एकाचं बटण नुसतंच उघडलं, न पेटवता, आणि तोंड अगदी जवळ नेलं. फुस्स असा आवाज स्पष्ट येत होता. त्यांनी श्वास ओढला. पुन्हा ओढला. स्वच्छ, रिकामी हवा.

"बंद करा ना! केवढा वास सुटलाय," तिने बाळाच्या नाकावर पदर धरला.

काकांनी बटण बंद केलं. त्या क्षणी त्यांच्या मनात स्वतःचं नाक नव्हतंच. त्यांच्या डोळ्यांसमोर बाईंचा कॉक आला. स्क्रू दोन होते. एक आवळल्याचं आठवत होतं. दुसरा आवळताना फोन आला होता, की आवळून झाल्यावर? आणि नंतर त्यांनी काय केलं होतं? वाकून तीनदा श्वास ओढला होता आणि ठणठणीत म्हणून मोकळे झाले होते!

"खिडक्या उघडा, शेगडीला हात लावू नका, मी आलोच," म्हणत ते जिना उतरले. पिशवी तिथेच राहिली.

रस्त्यावर येताच त्यांनी बाईंचा नंबर काढला आणि बोट थबकलं. बाईंचा फोन ओट्याशेजारीच होता. फोन वाजला तर बाई उठतील, स्वयंपाकघर अंधारं, आधी दिवा लावतील. खिडकी बंद, गॅस भरलेला आणि दिव्याचं बटण. नको. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते पळत सुटले. अठ्ठावन्नाव्या वर्षी चार गल्ल्या म्हणजे काही थोड्या नाहीत. लोक बाजूला होत होते, कुणीतरी "काका, काय झालं?" म्हणून ओरडलं, पण थांबायला वेळ कुणाला होता? सारखा तोच हिशेब डोक्यात. एक स्क्रू, दोन स्क्रू. आधी फोन, मग स्क्रू. नाही, आधी स्क्रू.

बाईंच्या दाराशी पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. हात सवयीने बेलकडे गेला आणि त्यांनी तो झटक्याने मागे घेतला. बेलचीही ठिणगी पडते. हे त्यांनीच किती घरांत सांगितलं होतं. ते दारावर मुठी आपटू लागले.

"बाई! बाई, दार उघडा! दिवा लावू नका! बाई!"

आतून काही नाही. त्यांनी दाराच्या फटीला नाक लावलं. लावलं आणि त्यांना रडूच फुटलं. बत्तीस वर्षं ज्याच्या जोरावर मिरवलं, ते दाराला चिकटवून काही कळत नव्हतं. आत गॅस कोंडला होता की नव्हता, हे सांगायला ते आता कुणीच नव्हते. ते परत मुठी आपटू लागले.

कडी सरकली. दारात बाई, डोळ्यांवर झोप, केस विस्कटलेले.

"अहो, दार मोडता की काय? काय झालं?"

काका त्यांना ओलांडून आत गेले, खिडकी सताड उघडली आणि रेग्युलेटरकडे वाकले. तो बंद होता.

"हा कुणी बंद केला?"

"मी. रोजच करते, काम झालं की." बाई जरा चिडूनच म्हणाल्या. "पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हीच नाही का दम दिला होता? ‘बाई, शेगडीवर विश्वास ठेवायचा नाही आणि मेकॅनिकवर तर नाहीच.’ पंधरा वर्षं पाळतेय."

काका खाली फरशीवरच बसले. जरा वेळाने त्यांनी सगळं सांगितलं. ताप, चहा, जळलेलं फडकं, सगळं. बायकोला न सांगितलेलं आधी बाईंनाच सांगितलं.

"वास मलाही येत नाही, तुम्हालाही येत नाही," बाई म्हणाल्या. "मग आता बघायचं कसं?"

काका फरशीवरून उठले.

"साबणाचं पाणी द्या थोडं. आणि एखादा मऊ ब्रश असला तर."

बाई आत गेल्या आणि एक वाटी आणि दाढीचा ब्रश घेऊन आल्या. लाकडी मुठीचा, नीट धुऊन ठेवलेला. "यांचा आहे. नऊ वर्षं नुसता पडून."

काकांनी फेस केला. रेग्युलेटर उघडला. नळीवर, तोटीवर, कॉकच्या सांध्यावर फेस लावला आणि चष्मा पुसून बघत बसले. नळी ठीक. तोटी ठीक. उजव्या कॉकपाशी फेसातून एक बुडबुडा हळूच फुगला, फुटला आणि पुन्हा तिथेच दुसरा आला. दुसरा स्क्रू हाताने फिरेल इतका सैल होता.

काकांनी तो आवळला. पुन्हा फेस लावला. या वेळी फेस तसाच राहिला.

"झालं," बाई म्हणाल्या.

"नाही झालं." काकांनी ब्रश खाली ठेवला. "दोन महिने, बाई. रोज दोन-तीन घरं. सगळीकडे असाच वाकलोय आणि ठणठणीत म्हणून आलोय. उद्या दुकानातली वही काढतो."

"उद्या कशाला? आठवताहेत तेवढी आत्ता सांगा." बाईंनी कपाटातून एक रेघांची वही आणि पेन काढलं, चष्मा लावला, वर्गात बसावं तशा ताठ बसल्या. काका आठवून एकेक घर सांगू लागले आणि बाई लिहू लागल्या. यादीतलं पहिलं घर त्यांनी अधोरेखित केलं. काका निघाले तेव्हा बाईंनी ब्रश कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "मला काय करायचाय?"

त्या तरुण आईकडे जाऊन काकांनी पिशवी घेतली आणि तिथलेही सांधे फेस लावून बघितले. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला कधीचं कळलंय. परवा दूध करपलं तेव्हा तुम्ही शेजारीच पेपर वाचत होतात." आणि तिने ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका यादीतल्या पहिल्या घरी गेले. दार एका रिक्षावाल्याने उघडलं, गळ्याभोवती टॉवेल, निम्म्या गालाला साबण.

"काका? आम्ही तर बोलावलं नव्हतं. शेगडी मस्त चाललीय."

"मीच आलोय. एकदा बघून जातो. जरा वाटीभर साबणाचं पाणी द्या."

"पाणी कशाला?" तो हसला. "गल्लीत सगळ्यांना सांगत असतो मी, आमचे काका नुसत्या वासावर ओळखतात!"

काकांनी कागद उलगडून ब्रश बाहेर काढला.

"ओळखायचो," ते म्हणाले आणि ओट्याशी वाकले.