आरोही कुणाशी बोलते

बाळ गेल्यापासून आखाडा बाळापूरची आरोही कुणाशीच बोलत नव्हती. दुःखातल्या बायकांना धीर देणाऱ्या संस्थेतर्फे पुनम कितीदा तिच्याकडे जाऊन बसली, पण आरोही बोलली ती संस्थेत नव्यानं आलेल्या सबीहाशी, तेही पहिल्याच भेटीत. तेव्हापासून सबीहाचं कुणी कौतुक केलं की पुनम आतून जळफळायची.

त्या दिवशी सबीहा गाडी सावलीत लावत होती. तेवढ्यात आरोहीचे सासरे व्यंकटराव पुनमला हळूच म्हणाले, "ताई, तुमीच येत जा. त्या मुसलमान बाईला काहून आणता घरात? लोक बोलून राहिले."

पुनमला हेच तर हवं होतं. क्षणभर तिला बरं वाटलं, आणि त्याचीच शरम वाटली.

"जात-धर्म बघून आमी माणूस बदलत न्हाई, काका," ती म्हणाली. "आरोहीकडं सबीहाच येतील."

व्यंकटराव शेताकडं निघून गेले. सबीहा आल्यावर पुनमनं तिला झालेलं सांगितलं.

"वाटलंच होतं मला," एवढंच म्हणून सबीहा आत गेली.

पुनम ओसरीवर बसून राहिली. आतून आरोहीचा आवाज येत होता. मधेच ती हसलीही. आपल्यापाशी ती कधी हसली नव्हती, हे पुनमला अजूनही टोचत होतं.