हाताच्या मापाचे कातडे

मित्रांनो, धनुष्य तुम्ही पाहिले असेल. बाण तर तुम्ही चित्रातही काढता. पण बाण सुटला की दोरी सणसणत पुढे येते आणि धनुष्य धरलेल्या हाताला आतून फटका मारते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो फटका झेलण्यासाठी मी आहे. मी हातपट्टा. मनगटापासून कोपराच्या जरा अलीकडेपर्यंत पसरलेला, कातड्याच्या वाद्यांनी बांधायचा, आता पार काळवंडलेला.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या टेकड्यांमध्ये, चेरोकी आदिवासींच्या वस्तीत मी घडलो. त्याआधी मी एका खोगिराचा भाग होतो आणि त्याच्याही आधी गायीच्या पाठीवर होतो. त्या दिवसांचे मला धूसर आठवते. ओले गवत, अंगावर उतरलेले धुके, दूर कुणीतरी घातलेली हाक. कातड्याला सारे स्वप्नातल्यासारखेच आठवत असावे.

मला घडवणारी लोरीन तेव्हा तरुण होती. एनस बेअरपॉ नावाचा जाडजूड हातांचा एक मुलगा तिच्याकडे बघत बघत बाण सोडायचा. पट्टा बांधणे त्याला कमीपणाचे वाटे. एका रविवारी ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाही वर कर बघू."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

त्याने बाही सरकवली. हात जांभळा पडला होता.

"तुतीच्या झाडाखाली झोपला होतास का रे?"

"मला नाही दुखत."

"तुला नसेल दुखत. मला बघवत नाही."

तिने धनुष्याच्या दोरीला काजळी फासली आणि त्याला एक बाण सोडायला लावला. हातावर काळी रेघ उमटली. रेघ जिथे सुरू होत होती आणि जिथे संपत होती, त्याच्या पुढेमागे बोटभर जागा धरून तिने माप घेतले. मग मोडक्या खोगिरातून रापीने मला कापले, आरीने भोके पाडली. वाद्यांच्या गाठी तिने हाताच्या बाहेरच्या अंगाला ठेवल्या, म्हणजे दोरी त्यांत अडकणार नाही. शेवटी मला कोमट पाण्यात भिजवून एनसच्या हातावर बसवले. वाळेपर्यंत त्याने तिच्या ओसरीवरून उठायचे नाही, असे ठरले. तो अंधार पडेपर्यंत बसला. मी कधीच वाळलो होतो. पण दोघांपैकी कुणीच मला हात लावून पाहिला नाही, आणि मीही गप्प राहिलो.

त्यांचे लग्न झाले. माझे कामाचे दिवस सुरू झाले. आमच्याकडे मक्याची वाळलेली ताटे रचून दूरवर उडवी उभी करतात. ज्याचा बाण जास्त ताटे भेदील तो जिंकला. एनस पुष्कळदा जिंकायचा. लोक धनुष्याचे कौतुक करीत, नजरेचे करीत. माझे नाव कुणी घेत नसे. पण घरी गेल्यावर लोरीन मला पुसून चरबी चोळायची, आणि मला तेवढे पुरत असे.

एका हिवाळ्यात एनसचे हृदय थांबले. लोरीनने मला स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी खिळ्यावर टांगले. पुढे तिने मला कधी चरबी लावली नाही. लावली असती तर कातडे मऊ पडून एनसच्या हातावर बसून आलेला गोल बाक मोडला असता. तो बाक माझ्यात जसाच्या तसा राहिला होता. संध्याकाळी भांडी आटोपली की ती आपला हात त्यात ठेवून उभी राही. मी कोरडा पडत होतो, कडांना चिरा जात होत्या. ते दिवस मी अर्ध्या झोपेत काढले.

त्यांची मुलगी वेल्डा बापाबरोबर बाण सोडतच मोठी झाली होती. एनस गेल्यावरही ती दर आठवड्याला मैदानावर जायची. मग एका उन्हाळ्यात वस्तीच्या जेवणाला डुकराचे मांस तळताना काहील कलंडली आणि उकळती चरबी तिच्या डाव्या हातावर सांडली. ती बरेच दिवस इस्पितळात होती. मांडीची कातडी काढून हातावर लावली. डॉक्टर म्हणाले, "सगळी कामं कर. पण इथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. फटका बसला की फाटेल."

वेल्डाने दुकानातून पट्टे आणले. एक चकचकीत प्लास्टिकचा. तो कोपराकडचा भाग उघडाच टाकायचा. दुसरा जाळीचा, त्याचे ताणले जाणारे बंद व्रणाला घासायचे. तिसरा इतका घट्ट की बोटांना मुंग्या यायच्या. एके दिवशी ती मैदानावरून परतली तेव्हा बाही रक्ताने भिजली होती. एनसचा जुना सोबती, म्हातारा जेस ड्राय, तिला घरी घेऊन आला होता.

"पोरी, दिसतो छान म्हणून पट्टा घेतेस तू," जेस म्हणाला. "मार कुठं बसतो ते आधी बघावं, मग पट्टा बघावा."

"माझा सगळा हातच जपायचाय, जेसकाका. एवढा लांब पट्टा दुकानात नाही."

जेसने खिडकीकडे पाहिले. "तो आहे की."

लोरीन भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "तिला तो मोठा होईल," ती म्हणाली.

तरी वेल्डाने विचारले, "आई, एकदा बांधून बघू?" आणि लोरीनने होकाराची मान हलवली.

जखम भरल्यावर वेल्डाने मला बाहीवरून बांधले. तिचा हात बापाच्या हाताच्या निम्मा. मी फिरलो, माझी कड वर उभी राहिली, दोरी तिच्यात अडकली आणि बाण कुठल्या कुठे गवतात गेला.

"भिजवून हिच्या हातावर बसवावा लागेल," जेस म्हणाला. "कडाही कापाव्या लागतील."

"म्हणजे त्यातला एनसचा हात जाईल," लोरीन म्हणाली.

वेल्डाने माझ्या वाद्या सोडल्या आणि मला खिळ्यावर परत टांगले. "राहू दे, आई. सोडते मी धनुष्य." तिने धनुष्याची दोरी उतरवली आणि ते कपाटावर ठेवून दिले.

पानगळ सुरू झाली होती. एका सकाळी लोरीन खिडकीशी कॉफी पीत उभी होती. अंगणात वेल्डा पाठमोरी होती. तिच्या हातात काहीच नव्हते. तिने डावा हात पुढे ताणला, उजवा गालापर्यंत ओढला, श्वास धरला आणि बोटे सोडली. नसलेला बाण धुक्यात गेला. तो कुठे लागला असता, तिकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने पुन्हा हात ताणला.

लोरीनने कप खाली ठेवला. माझ्या बाकात हात घातला. त्या दिवशी तिने तो फार वेळ तिथे ठेवला. मग चुलीवर पाणी ठेवले आणि वेल्डाला हाक मारली.

मित्रांनो, मला भीती वाटली. पाणी कोमट होते. मी त्यात बुडालो आणि एनसचा बाक झोपेतल्या मुठीसारखा हळूहळू सुटत गेला. लोरीनने डोळे मिटून घेतले होते, पण तिने मला बाहेर काढले नाही. नंतर तिने रापीने माझ्या चिरलेल्या कडा कापल्या, आतून हरणाचे मऊ कातडे शिवले आणि मला लेकीच्या हातावर गुंडाळले.

"बोटं हलव. मुंग्या येतायत?"

"नाही."

"व्रणाला टोचतंय?"

"नाही गं."

"खरं सांग. तुझा बाप तर हात सुजला तरी नाहीच म्हणायचा."

"थोडं टोचतंय," वेल्डा म्हणाली. लोरीनने एक टाका उसवून परत घातला.

पुढच्या मेळाव्यात वेल्डा ताटांच्या उडवीसमोर उभी राहिली. पहिला बाण वरून गेला.

"मक्याला वारा लागला असेल," जेस म्हणाला, आणि लोक हसले. वेल्डाही हसली. दुसऱ्या बाणाने मोजकीच ताटे भेदली. कुणी तिचे नाव पुकारले नाही. लोरीन मात्र गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली.

"दोरी लागली का गं?"

"लागली."

लोरीनचा चेहरा उतरला.

"पट्ट्याला लागली, आई. मला कळलंही नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी आठवणीने एखादी वस्तू टांगलेली असेल. तिला पुसा, तेल लावा, तिच्या चिरा शिवा. आणि एखाद्या जित्याजागत्या माणसाला तिची गरज पडली तर जड मनाने का होईना, तिला खाली उतरवा. ती बदलेल. बदलू द्या.

माझ्या बाकात आता वेल्डाचा हात असतो. तो उबदार आहे, आणि दोरीचा फटका मी झेलतो.